वर्षावनात आग लागणार हे आधी कळतं का? आकडे, फजी लॉजिक आणि आपला येऊरचा डोंगर

ठाण्यात वर्षाला साधारण २५०० मिमी पाऊस पडतो. अ‍ॅमेझॉनच्या जंगलात मधोमध मानाउस नावाचं शहर आहे, तिथे पडतो साधारण २३०० मिमी. म्हणजे पावसाच्या हिशोबात आपण अ‍ॅमेझॉनपेक्षा काकणभर सरसच. तरीपण फेब्रुवारी संपत आला की घोडबंदर रोडवरून येऊरकडे बघा, नाहीतर खारघर-बेलापूरच्या डोंगरांकडे, रात्री लाल रेघ वर वर सरकताना दिसते, सोसायटीच्या ग्रुपवर फोटो पडायला लागतात, कोणीतरी विचारतं की एवढे सॅटेलाइट वर सोडलेत तर हे आधी कळत नाही का, आणि कोणीतरी काका ठामपणे सांगतात की अहो ऊन केवढं पडलंय, लागणारच आग.

उन्हाने आग लागत नाही काका, पण आधी कळतं का हा प्रश्न एकदम बरोबर आहे. आणि तो समजून घ्यायला सगळ्यात भारी जागा म्हणजे उष्ण कटिबंधातलं वर्षावन, कारण तिथे आग लागणं हेच मुळात अवघड, त्यामुळे ती लागते तेव्हा कशामुळे लागली ते वेगळं काढून बघता येतं. आपल्याकडे सगळंच एकदम वाळलेलं असतं, कारणं एकमेकांत मिसळून जातात.

आधी हे बघू की एवढाच पाऊस पडून दोन जागा इतक्या वेगळ्या कशा. आपला पाऊस जून ते सप्टेंबर धो धो, ऑक्टोबरात एखादी सर, मग पुढचे सात महिने जवळजवळ काहीच नाही. येऊरचं जंगल पानगळीचं, साग-ऐन पानं टाकून मोकळे होतात, खाली पाचोळ्याचा थर, वरून ऊन थेट जमिनीपर्यंत, आणि उघड्या उतारांवर कमरेएवढं वाळलेलं गवत. मानाउसला जुलै ते सप्टेंबर कोरडा मोसम असतो पण तेव्हाही पाऊस पूर्ण थांबत नाही, आणि झाडं पानं झाडत नाहीत, डोक्यावर हिरवं छत तसंच राहतं. त्या छताखाली वारा जवळजवळ नाही, हवा दमट, पाचोळा ओला. पूर्व अ‍ॅमेझॉनमध्ये तर झाडांची मुळं आठ मीटरपेक्षा खोल जाऊन पाणी ओढतात असं १९९४ साली शास्त्रज्ञांनी दाखवलं, म्हणून महिनोन्‌महिने पाऊस कमी असला तरी जंगल हिरवं राहतं. अशा जंगलात तुम्ही मुद्दाम काडी पेटवून टाकलीत तरी ती बहुतेक विझूनच जाते.

मग जळतं कसं? दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात. एक, नेहमीपेक्षा लांबलेला दुष्काळ, जो बऱ्याचदा एल निन्योच्या वर्षी येतो. दोन, माणूस. माणूस म्हणजे फक्त काडी लावणारा नाही, तर लाकडासाठी मोठी झाडं काढून छताला भोकं पाडणारा, रस्ता काढणारा, गुरांसाठी कुरण करणारा. छताला भोक पडलं की ऊन खाली येतं, पाचोळा वाळतो, जंगलाच्या कडेपासून शंभरेक मीटर आतपर्यंत हवा कोरडी होते. जे जंगल महिनाभर पाऊस नसतानाही पेट घेत नाही, तेच लाकूडतोड झाल्यावर थोड्याच कोरड्या दिवसांत पेट घेऊ शकतं. आणि वीज पडून आग लागण्याचं प्रमाण तिथे फारच कमी, कारण वीज येते ती पावसाला बरोबर घेऊनच.

मोठ्या आगींची यादी बघितली की हे लगेच दिसतं. १९८२-८३ चा एल निन्यो, बोर्निओच्या पूर्व कालीमंतानमध्ये ३० लाख हेक्टरपेक्षा जास्त जंगल होरपळलं, आणि त्यातही तोड झालेल्या जंगलाचं नुकसान न तोडलेल्यापेक्षा खूप जास्त होतं. १९९७-९८ ला पुन्हा इंडोनेशिया, आणि १९९८ च्या सुरुवातीला ब्राझीलमधलं रोरायमा. २०१५ ला इंडोनेशियात साधारण २६ लाख हेक्टर. अ‍ॅमेझॉनमध्ये २००५, २०१०, २०१५-१६ अशी दुष्काळाची वर्षं.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी कारण बातम्यांमधले फोटो बघून चुकीचं चित्र डोक्यात बसतं. वर्षावनातली पहिली आग म्हणजे कॅलिफोर्नियासारखा आगीचा डोंब नसतो. ज्वाला बऱ्याचदा गुडघ्याएवढीसुद्धा नाही, आणि आग मिनिटाला फूटभर अशा गतीने पाचोळ्यातून सरकत जाते, माणूस तिच्यावरून उडी मारून पलीकडे जाऊ शकतो. पण या झाडांची साल पातळ असते, आगीची सवयच नाही त्यांना, त्यामुळे बुंध्याला थोडा वेळ चटका बसला तरी झाड मरतं, काही लगेच, काही दोन-तीन वर्षांनी. मेलेली झाडं पडली की छत अजून उघडं, खाली अजून वाळकं लाकूड, आणि पुढच्या दुष्काळात दुसरी आग येते ती पहिलीपेक्षा कितीतरी जोरात. म्हणजे मागच्या खेपेला कुठे जळलं ही माहिती पुढचा अंदाज बांधायला सोन्यासारखी. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता अंदाज बांधण्याकडे येऊ. सगळ्यात जुनी आणि सोपी पद्धत म्हणजे इंडेक्स, रोज एक आकडा काढायचा. ब्राझीलमध्ये १९७२ साली सोआरेस यांनी पाराना राज्यात ‘मोंते अलेग्रे सूत्र’ बनवलं, ते मला फार आवडतं कारण ते पाठीमागच्या कोऱ्या पानावर सुद्धा करता येतं. रोज दुपारी एक वाजता हवेतली आर्द्रता किती टक्के आहे ते बघायचं, १०० ला त्या आकड्याने भागायचं, आणि येणारं उत्तर रोजच्या रोज बेरजेत टाकत जायचं. आर्द्रता ८० असेल तर त्या दिवसाचे सव्वा, ५० असेल तर २, ४० असेल तर अडीच. पाऊस आला की बेरीज खाली आणायची: २.५ ते ४.९ मिमी पडला तर ३० टक्के कमी करा, ५ ते ९.९ ला ६० टक्के, १० ते १२.९ ला ८० टक्के, आणि त्याहून जास्त पडला तर पाटी कोरी, पुन्हा शून्यापासून. बेरीज ८ च्या वर गेली की धोका मोठा, २० च्या वर गेली की फार मोठा.

बघा यात तापमान कुठेच नाही. हाच त्याचा शहाणपणा आहे, आजचा दिवस किती गरम यापेक्षा कोरडेपणा किती दिवस साचत आलाय हे ते मोजतं. १९६८ मध्ये अमेरिकेत कीच आणि बायरम यांनी काढलेला दुष्काळ इंडेक्स पण साचलेला कोरडेपणाच मोजतो, फक्त जमिनीच्या बाजूने, मातीतलं पाणी किती कमी झालं ते ० ते ८०० च्या पट्टीवर, तापमान आणि पाऊस घेऊन. तो इंडोनेशियातही वापरतात.

पण मोंते अलेग्रे उचलून जसंच्या तसं ठाण्याला लावलं तर काय होईल? समजा दिवाळीनंतर पाऊस नाही आणि दुपारची आर्द्रता सरासरी ५०. रोजचे २, दहा दिवसांत २० पार. म्हणजे नोव्हेंबर संपायच्या आधीच ‘फार मोठा धोका’ आणि तो पार जूनपर्यंत तसाच, होळीला बेरीज २०० च्या पुढे. जो इंडेक्स सहा महिने रोज एकच गोष्ट सांगतो त्याचा वनरक्षकाला काय उपयोग, त्याला तर हे हवंय की आज कुठे जाऊ. सूत्र चुकीचं नाही, ते अशा जागेसाठी बनलंय जिथे पाऊस अधूनमधून येऊन हिशोब पुसत राहतो. शिवाय इंडेक्स हवामान केंद्राभोवतीच्या सगळ्या प्रदेशाला एकच आकडा देतो, कुठला ओढा, कुठला उतार, कुठला पाडा हे त्याला माहीतच नाही.

म्हणून मग स्टॅटिस्टिकल मॉडेल. जंगलाच्या नकाशाचे चौकोन पाडायचे, समजा एक किलोमीटर बाय एक किलोमीटर, आणि प्रत्येक चौकोनाची माहिती लिहायची: रस्ता किती लांब, वस्ती किती लांब, उतार किती, झाडांचा हिरवेपणा किती (हा सॅटेलाइटवरून मिळतो), शेवटच्या तीन महिन्यांत पाऊस किती, आधी कधी जळलंय का, आणि शेवटी एक रकाना, या वर्षी आग लागली की नाही, हो किंवा नाही. असे हजारो चौकोन झाले की कॉम्प्युटरला विचारायचं, हो वाले चौकोन नाही वाल्यांपेक्षा कशात वेगळे आहेत?

सगळ्यात सोपी पद्धत फ्रीक्वेन्सी रेशो. समजा रस्त्यापासून एक किलोमीटरच्या आतला भाग एकूण जंगलाच्या २० टक्के आहे, पण ६० टक्के आगी तिथेच लागल्या. ६० भागिले २०, उत्तर ३, म्हणजे तिथे वाट्यापेक्षा तिप्पट आगी. प्रत्येक गोष्टीचं असं करायचं आणि जुळवायचं. शाळेतल्या पोरालाही जमेल. तोटा असा की रस्ता, वस्ती, तोड या गोष्टी एकमेकांबरोबरच चालतात, जिथे रस्ता तिथे वस्ती, त्यामुळे एकच कारण तीन वेळा मोजलं जातं.

लॉजिस्टिक रिग्रेशन ही अडचण बरीचशी सोडवतं. ते प्रत्येक गोष्टीला वजन देतं, बाकीच्या गोष्टी तशाच धरून, आणि शेवटी ० ते १ मधला आकडा देतं, या चौकोनात आग लागण्याची शक्यता. वजनाचा अर्थ असा वाचायचा: समजा उत्तर आलं की रस्त्यापासून दर किलोमीटर आत गेलं की आग लागण्याचे ऑड्स (लागण्याची शक्यता भागिले न लागण्याची शक्यता) ०.७ पट होतात. मग पाच किलोमीटर आत ०.७ पाच वेळा गुणलं की साधारण ०.१७, म्हणजे रस्त्याकडेच्या जागेपेक्षा सहावा हिस्सा. हा आकडा मी समजावायला घेतलाय, पण अ‍ॅमेझॉनमध्ये रस्त्याच्या जवळ आगी जास्त हे खरंच सगळीकडे दिसतं. वर्षावनासाठी एक खुबी मात्र पाहिजेच, कोरडेपणा आणि माणूस यांचा गुणाकार मॉडेलमध्ये वेगळा घालावा लागतो. कारण दुष्काळ असला तरी माणूस फिरकत नाही तिथे आग नाही, आणि माणूस असला तरी पाचोळा ओला असेल तर आग नाही. नुसती बेरीज केली तर मॉडेल एकाची कमी दुसऱ्याने भरून काढतं, आणि भर पावसात गावाजवळ धोका दाखवत बसतं.

आता या पद्धतीत लोक कुठे फसतात ते बघू, कारण पेपरात ‘९९ टक्के अचूक मॉडेल’ वगैरे वाचलं की मला हसू येतं. समजा १०,००० चौकोन आणि त्यात आग लागलेले ५०. मी डोळे मिटून म्हटलं की कुठेच आग लागणार नाही, तर मी ९९.५ टक्के अचूक! आणि पूर्ण निरुपयोगी. म्हणून अचूकता बघायचीच नाही, बघायचं हे की एक जळलेला आणि एक न जळलेला चौकोन कसेही उचलले तर मॉडेल जळलेल्याला जास्त आकडा किती वेळा देतं. अर्ध्या वेळा दिला तर ते नाणं उडवण्याएवढंच, दहापैकी आठ-नऊ वेळा दिला तर कामाचं. या मापाला एयूसी म्हणतात.

दुसरी पळवाट जास्त लबाड. शेजारशेजारचे चौकोन एकसारखेच असतात, एक जळला तर बाजूचाही जळतो. कोणी सगळे चौकोन पिसून अर्ध्यांवर मॉडेल शिकवलं आणि उरलेल्या अर्ध्यांवर तपासलं, तर पेपर आधीच फुटलेला असतो. खरी परीक्षा घ्यायची तर २०१० पर्यंतच्या आगींवर शिकवा आणि २०१५ च्या आगींवर तपासा, नाहीतर एका खोऱ्यावर शिकवून दुसऱ्या खोऱ्यात तपासा. तिथे आकडे धाडकन खाली येतात.

आणि मूळ माहितीतच भोकं आहेत. आग लागली की नाही हे कळतं ते बहुतेक सॅटेलाइटवरून. मोडिस या उपकरणाचा एक ठिपका जमिनीवर एक किलोमीटरचा, नंतर आलेल्या व्हीआयआयआरएसचा ३७५ मीटरचा, तो बराच बारीक बघतो. पण सॅटेलाइट दिवसातून ठरलेल्या वेळीच वरून जातो, मोठा भर दुपारी दीडच्या आसपास, संध्याकाळी चारला लागून सहाला विझलेली आग त्याला दिसतच नाही. ढग असले तर दिसत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे वर्षावनातली ती गुडघ्याएवढी आग, हिरव्या छताखालून सरकणारी, जी खरं नुकसान करते, ती वरून दिसणं सगळ्यात कठीण. शेतकरी कुरण जाळतो तो मोठा ठिपका दिसतो. म्हणजे मॉडेल शिकतं ते बऱ्याचदा कुरणं कुठे जळतात ते.

त्यात भर अशी की जी जंगलं आपल्याला वाचवायचीयत तिथे अजून आग लागलेलीच नाही. मग शिकवणार कशावरून? मोठ्या दुष्काळाची वर्षं पण हाताच्या बोटांवर मोजण्याएवढीच. इथे आकड्यांची पद्धत हात टेकते, आणि इथूनच फजी लॉजिकचं काम सुरू होतं.

नव्वदीत आपल्याकडे वॉशिंग मशीनवर ‘फजी लॉजिक’ असा स्टिकर असायचा, तेच हे. १९६५ साली कॅलिफोर्नियात बर्कलेला लोत्फी झादे या प्राध्यापकांनी ही कल्पना मांडली. कल्पना अशी. ठाणे स्टेशनवर सकाळी पावणेनऊला फास्ट लोकलला गर्दी आहे का? आहे. दुपारी दोनला? नाही म्हणता येणार नाही पण आहे असंही नाही. किती माणसं डब्यात असली की ‘गर्दी’ सुरू होते असा काही आकडा नाही, १४९ म्हणजे गर्दी नाही आणि १५० म्हणजे गर्दी असं कोणी म्हणत नाही. तरी रोजचा प्रवासी बरोबर ठरवतो की ही सोडू, पुढची घेऊ. फजी लॉजिक ‘गर्दी’ ला हो-नाही न मानता ० ते १ मधला दर्जा देतं, दुपारी दोनला ०.४, पावणेनऊला १.

जंगलात तसंच. पाऊस न पडता १२ दिवस झाले, पाचोळा कोरडा की नाही? आपण ठरवू की सहाव्या दिवसापर्यंत ‘कोरडा’ चा दर्जा ०, सोळाव्या दिवशी १, मधे सरळ चढत जाणार. मग बाराव्या दिवशी कोरडा ०.६ आणि ओलसर ०.४, दोन्ही एकाच वेळी. रस्ता ‘जवळ’ चा दर्जा रस्त्यावर १ आणि पाच किलोमीटरवर ०, तर दीड किलोमीटरवर ०.७ जवळ, ०.३ लांब. आता नियम, साध्या भाषेत. कोरडा आणि जवळ तर धोका मोठा, ९० मार्क. ओलसर आणि जवळ तर मध्यम, ५०. कोरडा आणि लांब तर मध्यम, ५०. ओलसर आणि लांब तर कमी, १०.

नियमातल्या ‘आणि’ साठी दोन दर्जांतला लहान घ्यायचा, कारण साखळी कमकुवत कडीएवढीच टिकते. पहिला नियम ०.६ एवढा लागू, दुसरा ०.४, तिसरा ०.३, चौथा ०.३. प्रत्येकाने आपापल्या मार्कांना गुणलं की ५४, २०, १५ आणि ३, बेरीज ९२, तिला दर्जांच्या बेरजेने म्हणजे १.६ ने भागलं की ५७.५. तीन दिवसांनी, पंधराव्या दिवशी, कोरडा ०.९ झाला, पुन्हा तोच हिशोब केला तर बरोबर ७०. बघा, धोका हळूहळू चढला, कुठल्यातरी एका दिवशी अचानक हिरव्याचा लाल नाही झाला. करून बघा कागदावर, दहा मिनिटांचं काम आहे.

इथे एक घोटाळा शिकलेले लोकही करतात. कोरडेपणाचा दर्जा ०.६ याचा अर्थ पाचोळा कोरडा असण्याची शक्यता ६० टक्के असा नाही. पाचोळा कसा आहे हे आपल्याला पक्कं माहीत आहे, तो अर्धवट कोरडा आहे, बस. आणि शेवटचा ५७.५ हा आकडाही शक्यता नाही, १०० पैकी ५७ वेळा आग लागेल असं तो सांगत नाही. तो फक्त क्रम लावायला आहे, हा चौकोन त्या चौकोनाच्या आधी बघा. लॉजिस्टिक रिग्रेशनचा आकडा मात्र शक्यता असतो. दोन्ही नकाशे लाल-पिवळे-हिरवे दिसतात, त्यामुळे गोंधळ होतो.

नियम येतात कुठून? जंगलात आयुष्य काढलेल्या माणसांकडून. वनरक्षक, तिथे राहणारे, राब भाजणारे शेतकरी, यांना कुठला उतार आधी पेटतो हे माहीत असतं पण ते ‘बऱ्यापैकी वाळलं की’, ‘पाड्याच्या जरा वरती’ अशा भाषेत, आणि ही भाषा गणितात उतरवणं हेच फजीचं खरं काम. पण मी थोडा सावध असतो यात, कारण जाणकाराची सवय त्याच्या जागेची असते. डोंगरातला माणूस म्हणणार उतार सगळ्यात महत्त्वाचा, आग वर पळते. आमच्याकडे खरंच आहे ते. पण कालीमंतानच्या पीटच्या दलदलीत सगळं सपाट, तिथे उताराचा नियम म्हणजे कचरा. तिथे जमीनच जळते. पीट म्हणजे हजारो वर्षं पाण्याखाली अर्धवट कुजून साठलेला पालापाचोळा, ओला असेल तर काही होत नाही, पण नव्वदीत तिथे भातशेतीसाठी जवळपास १० लाख हेक्टरचा सरकारी प्रकल्प काढला, कालवे खणून पाणी काढून टाकलं, भात काही नीट आला नाही आणि वाळलेलं पीट तेवढं राहिलं. ते जमिनीखाली आठवडेच्या आठवडे धुमसतं, २०१५ चा धूर सिंगापूर-मलेशियापर्यंत गेला तो मोठ्या प्रमाणावर असाच. तिथला सगळ्यात मोठा नियम म्हणजे जमिनीखालचं पाणी किती खोल गेलं, इंडोनेशिया सरकारने ४० सेंटीमीटरच्या खाली जाऊ देऊ नका अशी मर्यादा घातलीय ती म्हणूनच.

दुसरी मर्यादा नियमांच्या संख्येची. दोन गोष्टी, प्रत्येकीचे दोन प्रकार, तर चार नियम झाले. सात गोष्टी घेतल्या आणि प्रत्येकीचे तीन प्रकार केले तर २१८७ नियम! एवढे नियम कोणता जाणकार बसून सांगणार, पंचविसाव्यालाच चहा प्यायला उठून जाईल. म्हणून चांगले लोक तीन-चार गोष्टींवर थांबतात, किंवा दर्जांच्या रेषा कुठून चढाव्यात हे उपलब्ध आकड्यांवरून कॉम्प्युटरला ठरवू देतात, १९९३ पासून अशी मिश्र पद्धत आहे, तिचं नाव अ‍ॅन्फिस. माझं मत विचाराल तर आधी लॉजिस्टिक करावं, ते चुकलं तर चुकलेलं दिसतं. फजी मॉडेल चुकलं तरी नकाशा छानच दिसतो, ही त्याची खोड. जिथे आगीची नोंद नाही तिथे मात्र फजीशिवाय इलाज नाही.

आता हेच येऊरला लावायचं झालं तर? आपल्याकडे डेहराडूनचं भारतीय वन सर्वेक्षण २००४ पासून सॅटेलाइटवरून आगीचे अलर्ट वनखात्याला देतंय, म्हणजे लागलेली आग कळते. न लागलेलीचा अंदाज बांधायचा तर मला वाटतं ‘पावसाला किती दिवस झाले’ हे इथे मार्चमध्ये काढूनच टाकावं, सगळीकडे दर्जा १ च येणार, त्यातून काही वेगळं निघत नाही. त्याऐवजी गवत की झाडी हे घ्यावं, दुपारचा वारा आणि आर्द्रता घ्यावी, पायवाट किती लांब हे घ्यावं, आणि वार घ्यावा, कारण रविवारी डोंगरात कोण कोण जातं आणि काय काय पेटवून येतं हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. कारवी पण घ्यावी. ती सात-आठ वर्षांनी एकदम फुलते आणि मग सगळी झुडपं एकदमच मरून वाळतात, त्यानंतरच्या उन्हाळ्यात उतारच्या उतार वाळक्या काड्यांचे. मागच्या वर्षी कुठे जळलं याचा अर्थही इथे उलटा होऊ शकतो, वर्षावनात जळलेली जागा पुन्हा जळायला सोपी, आपल्या गवताळ उतारावर याच मोसमात एकदा जळलं की त्या वर्षी जळायला काही उरत नाही, पण पुढच्या पावसाळ्यानंतर गवत पुन्हा जोमात. त्यामुळे अ‍ॅमेझॉनचं तयार मॉडेल आणून इथे बसवणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा, की ‘आधी जळलंय’ याला तुम्ही अधिक धरलंय की उणे?

नकाशा झाला की लाल रंग कुठून सुरू करायचा हे गणित सांगत नाही, ते हातात माणसं किती यावर ठरतं. बीटवर, म्हणजे एका वनरक्षकाच्या हद्दीत, चार फायर वॉचर असतील तर त्यांना एका दिवसात जेवढं फिरता येईल तेवढंच लाल करावं, जास्त केलं तर चौघं कुठेच वेळेवर पोचत नाहीत, आणि दहा वेळा उगाच धावले की अकराव्या वेळी फोन आला तरी कोणी उठत नाही. पण कमी लाल केलं की आग पिवळ्यात लागते. याचा हिशोब जूनमध्ये, पहिला पाऊस पडल्यावर करायचा. मोसमभरात लागलेल्या आगी नकाशावर टाकायच्या आणि मोजायचं, लाल भाग जंगलाच्या किती टक्के होता आणि त्यात किती टक्के आगी सापडल्या. लाल १० टक्के आणि आगी ६० टक्के असतील तर मॉडेल ठेवा. लाल ६० टक्के आणि आगीही ६० टक्के असतील तर तो नकाशा भिंतीवरून काढा, तेवढं तर डोळे बांधून रंग लावला असता तरी आलं असतं.